धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल, इ.स. १९०१ - ३ मे, इ.स. १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, सहकारी चळवळीचे मार्गदर्शक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. केंद्र सरकारने राज्यांना द्यावयाच्या योजना-साहाय्याच्या वाटपाचे सूत्र त्यांच्या नावाने, 'गाडगीळ सूत्र' म्हणून, ओळखले जाते. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतील त्यांचा वाटाही सर्वपरिचित आहे. त्यांच्या कार्याचा तिसरा भाग मात्र सामान्य वाचकाला फारसा ठाऊक नसतो. गावोगाव आणि घरोघर प्रत्यक्ष पाहणी करून आकडे गोळा करायचे व त्या आकड्यांच्या आधारे धोरण तपासायचे, ही पद्धत त्यांनी महाराष्ट्रात रुजवली. शाळेत दाखल झालेले मूल शाळेत टिकते का, शाळा सोडल्यावर त्याची अक्षरओळख टिकते का, बाजारातील भाववाढीचा बोजा नेमका कोणावर पडतो, असे प्रश्न त्यांनी मोजमापाच्या कक्षेत आणले.

प्रारंभीचे जीवन

गाडगीळ यांचा जन्म नाशिक येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले आणि १९१८ साली ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले. तेथे संशोधन-पदवीसाठी लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारताच्या अलीकडच्या काळातील औद्योगिक उत्क्रांती हा त्याचा विषय होता. वयाच्या तेविसाव्या वर्षी प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे अनेक दशके भारतीय विद्यापीठांत पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. कारागिरांच्या धंद्यांचा ऱ्हास, शेतीचे व्यापारीकरण, रेल्वेचा परिणाम आणि गिरण्यांचा उदय यांचा एकत्रित आलेख त्यात आहे. या पुस्तकाची सामग्री जवळजवळ सर्वस्वी सरकारी अहवालांतून आणि खानेसुमारीच्या नोंदींतून घेतलेली होती. ज्या प्रश्नांसाठी अशा नोंदीच उपलब्ध नव्हत्या, त्या प्रश्नांकडे गाडगीळ पुढील काळात वळले.

भारतात परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले. १९२५ ते १९३० या काळात ते सुरतच्या एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

गोखले संस्था आणि पाहणीची परंपरा

साताऱ्याचे रावबहादूर आर. आर. काळे यांनी दिलेल्या देणगीतून १९३० साली भारत सेवक समाजाच्या पुण्यातील आवारात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे संचालकपद गाडगीळ यांच्याकडे आले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते त्यांच्याकडेच राहिले. आरंभी संस्थेचे मनुष्यबळ मोजके आणि साधनेही मोजकीच होती. अशा परिस्थितीत संस्थेने पहिल्या पाहणीसाठी निवडलेला विषय अगदी साधा होता, तो म्हणजे पुण्याच्या बाजारातील फळांची विक्री. शेतकऱ्याच्या बागेतून निघालेले फळ गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत किती हातांतून जाते आणि गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांपैकी बागायतदाराला किती मिळतात, याचा शोध १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात आहे. दलाली, तोलाई, हमाली, वाहतूक या प्रत्येक टप्प्यावर वस्तूची किंमत वेगळी असते. 'भाव' हा एकच आकडा नसून आकड्यांची एक साखळी असते, ही जाणीव गाडगीळ यांच्या पुढील लेखनात कायम दिसते.

यानंतर वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली आणि १९४० साली ती प्रसिद्ध झाली. पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे क्षेत्रकाम १९३६-३७ मध्ये झाले. तिचा पहिला भाग १९४५ साली, तर दुसरा १९५२ साली छापून आला. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. पाण्याच्या पट्टीतून सरकारी तिजोरीत किती रक्कम जमा होते, एवढ्यावरून कालवा फायद्यात की तोट्यात हे ठरवण्याची त्या काळी रीत होती. या पाहणीने कालव्यामुळे वाढलेले उत्पन्न, मिळालेला रोजगार आणि भोवतालच्या व्यापारातील वाढ यांचाही हिशेब मांडला. सार्वजनिक खर्चाचे मूल्यमापन समाजाच्या एकूण लाभाने करावे, हा विचार भारतात पुढे सर्वमान्य झाला. त्याच्या आरंभीच्या उदाहरणांत या अहवालाची गणना होते.

या सर्व पाहण्यांमागे नमुना निवडण्याचा प्रश्न होता. हजारो कुटुंबांच्या शहरात प्रत्येक घरी जाणे शक्य नसते. काही घरे निवडावी लागतात, आणि ती पाहणी करणाऱ्याच्या सोयीने किंवा आवडीने निवडली तर निष्कर्ष वाकडे जातात. मोठ्या रस्त्यावरची, बोलायला तयार असलेली, हिशेब ठेवणारी कुटुंबे नमुन्यात अधिक आली, तर शहर आहे त्यापेक्षा सुखी दिसते. ठरावीक क्रमाने किंवा यदृच्छेने घरे निवडण्याची शिस्त याच कारणासाठी लागते. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस नमुना पाहणीचे गणित विकसित करत होते, त्याच काळात पुण्यात क्षेत्रकामाची परंपरा उभी राहत होती. या दोन केंद्रांचा स्वभाव भिन्न होता. कलकत्त्याचा भर मोठ्या प्रमाणावरील रचनेवर होता, तर पुण्याचा भर प्रश्नपत्रिकेच्या नेमकेपणावर आणि उत्तर देणाऱ्या माणसाच्या परिस्थितीच्या माहितीवर.

शाळेतील गळती आणि सातारा जिल्ह्याच्या पाहण्या

गाडगीळ यांच्या पाहण्यांपैकी शिक्षणाच्या अभ्यासकांनी ज्यांची विशेष दखल घेतली, त्या सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाच्या पाहण्या होत. त्यांचे महत्त्व कळण्यासाठी त्यामागील वाद लक्षात घ्यावा लागतो.

सर फिलिप हार्टॉग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२९ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील शिक्षणाचा आढावा घेतला. प्राथमिक शिक्षणावरील खर्चाचा मोठा भाग वाया जातो, असा या समितीचा निष्कर्ष होता. तिने दोन संज्ञा रूढ केल्या. प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्यापूर्वीच मुलाने शाळा सोडणे म्हणजे गळती, आणि एकाच इयत्तेत एका वर्षाहून अधिक काळ अडकून राहणे म्हणजे स्थगिती. समितीने दिलेला एक आकडा फार गाजला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत अवघी १८ मुले होती. या आकड्यावरून असा अर्थ काढला गेला की नव्या शाळा काढत जाण्यापेक्षा असलेल्या शाळा सुधारणे अधिक शहाणपणाचे आहे. शिक्षणाचा प्रसार आधी की दर्जा आधी, या वादाला येथून धार आली. रा. वि. परुळेकर यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी समितीच्या भूमिकेला आव्हान दिले. कोट्यवधी निरक्षरांच्या देशात प्रसार थांबवणे म्हणजे गरिबांच्या मुलांना दारातच अडवणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

वाद तत्त्वाचा असला तरी त्याचा पाया आकड्यांवर होता आणि तो पाया तितकासा पक्का नव्हता. एका वर्षीच्या पहिलीच्या पटाशी तीन वर्षांनंतरच्या चौथीचा पट ताडून पाहणे सोपे असते, कारण दोन्ही आकडे वार्षिक अहवालात आयतेच मिळतात. परंतु पहिलीच्या पटावर त्या वर्षी नव्याने आलेली मुले असतात, तशी आदल्या वर्षी नापास होऊन तेथेच राहिलेलीही असतात. समजा, पटावर १०० मुले आहेत आणि त्यांपैकी ४० जुनीच आहेत. तीन वर्षांनंतर चौथीत ३० मुले दिसली, तर वरवरच्या हिशेबाने ७० टक्के गळती झाली. नव्याने आलेल्या ६० मुलांशी ताडून पाहिले, तर निम्मी मुले चौथीपर्यंत पोहोचली असे दिसते. उरलेल्या निम्म्यांपैकीही काही शाळेतच असतात, पण दुसरीत किंवा तिसरीत रेंगाळलेली असतात. काही मुले गाव बदलून दुसऱ्या शाळेत गेलेली असतात, तर काही मृत्यू पावलेली असतात. गळती आणि स्थगिती यांवरील उपाय वेगवेगळे आहेत. एकीचे मूळ बहुधा घरच्या परिस्थितीत असते, तर दुसरीचे वर्गात. वरील गुणोत्तरात मात्र दोन्ही गोष्टी मिसळून जातात. त्या वेगळ्या काढायच्या तर पटाच्या बेरजा पुरत नाहीत, प्रत्येक मुलाचा मागोवा घ्यावा लागतो.

गोखले संस्थेच्या पाहण्यांची दिशा हीच होती. सातारा जिल्ह्याची निवड स्वाभाविक होती. संस्थेचा त्या जिल्ह्याशी जुना संबंध होता आणि जिल्ह्यात पश्चिमेकडील डोंगराळ, कृष्णाकाठची सुपीक आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त, अशी तिन्ही प्रकारची गावे होती. पहिला प्रश्न होता साक्षरता टिकण्याचा. अर्ध्यावर शाळा सोडलेले मूल काही वर्षांत वाचणे-लिहिणे विसरते आणि म्हणून त्याच्यावरील खर्च फुकट जातो, असे गृहीत धरले जात होते. हे गृहीतक तपासायचे तर शाळेच्या दप्तरातून पूर्वी शाळा सोडलेल्यांची नावे काढावी लागतात, ती माणसे आज कोठे आहेत याचा शोध घ्यावा लागतो आणि त्यांना प्रत्यक्ष वाचायला व लिहायला देऊन पाहावे लागते. शेतावर राबणाऱ्या मोठ्या माणसासमोर पुन्हा धडा ठेवणे हे नाजूक काम असते. ज्याला वाचता येत नाही तो भेटण्याचे टाळतो. टाळणाऱ्यांना नमुन्यातून वगळले, तर निष्कर्ष आपोआप गोड होतो. या पाहणीचा अहवाल १९४५ साली प्रसिद्ध झाला. शाळा कोणत्या इयत्तेनंतर सुटली याचा साक्षरता टिकण्याशी असलेला संबंध तपासणारा भारतातील हा एक आरंभीचा व्यवस्थित प्रयत्न होता. साक्षरता टिकण्याच्या प्रश्नावर पुढे लिहिणाऱ्यांनी त्याचा संदर्भ वारंवार घेतला.

पुढील टप्प्यात गाडगीळ यांना विनायक महादेव दांडेकर यांची साथ मिळाली. दांडेकर संख्याशास्त्राचे शिक्षण कलकत्त्यात घेऊन आले होते. दोघांच्या नावे सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाविषयीच्या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले. तोपर्यंत परिस्थिती बदलली होती. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची व्याप्ती वाढवली होती आणि पटावरील नावांची संख्या फुगत होती. नाव पटावर असणे, मूल वर्गात हजर असणे आणि मूल पुढच्या इयत्तेत जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सक्तीच्या कायद्याने पहिली गोष्ट साध्य होते. दुसरी आणि तिसरी आपोआप होत नाहीत. गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, सुगीत शेतावर जाणे या कामांसाठी कुटुंबाला मुलाची गरज असते. मुलींच्या बाबतीत ही ओढ अधिक लवकर आणि अधिक जोराने लागते. शाळेतील गळतीचा प्रश्न अशा रीतीने कुटुंबाच्या जमाखर्चापाशी येऊन पोहोचतो, आणि तो जमाखर्च ज्यावर अवलंबून असतो त्या किमतींच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जुळतो.

एका जिल्ह्याच्या पाहणीवरून देशभराचे अनुमान काढता येत नाही, हे उघड आहे. या अभ्यासांवर तशी टीकाही होऊ शकते. त्यांचे मोल पद्धतीत आहे. पटावरील बेरजांऐवजी मुलांचा एक गट घेऊन त्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याची रीत पुढे शैक्षणिक संशोधनात सर्वमान्य झाली.

किंमती, वेतन आणि नियंत्रणे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात किंमती झपाट्याने वाढल्या. ऑगस्ट १९३९ ची पातळी १०० मानली, तर युद्धाच्या अखेरीस घाऊक किंमतींचा निर्देशांक २०० च्या बराच पुढे गेला होता. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. याच वर्षी गाडगीळ यांनी नी. वि. सोवनी यांच्यासह युद्ध आणि भारताचे आर्थिक धोरण या विषयावर पुस्तक लिहिले. वेतनाचे नियमन आणि औद्योगिक कामगारांचे प्रश्न यांवरील त्यांचे पुस्तकही १९४३ चेच आहे.

कामगारांच्या वेतनाचा वाद त्या काळी राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाभोवती फिरत होता. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी केली होती आणि जुलै १९१४ हा पाया धरून निर्देशांक प्रसिद्ध केला जात होता. १९३२-३३ च्या नव्या पाहणीनंतर पाया बदलून १९३३-३४ करण्यात आला. अशा निर्देशांकाचे तत्त्व सोपे आहे. कामगाराचे कुटुंब महिन्याला किती धान्य, डाळ, तेल, रॉकेल, कापड घेते आणि घरभाड्याला किती देते हे आधी पाहून घ्यायचे, प्रत्येक वस्तूला तिच्यावरील खर्चाच्या प्रमाणात भार द्यायचा आणि तीच टोपली दर महिन्याला किती रुपयांत भरते हे पाहायचे. गिरण्यांतील महागाई भत्ता या आकड्याशी जोडलेला असल्याने निर्देशांक एका अंशाने वर गेला की खाली आला, यावर हजारो घरांची मिळकत अवलंबून असे.

शिधावाटपाच्या काळात या साध्या तत्त्वालाही अडचण आली. शिधापत्रिकेवरील धान्याचा भाव सरकारी असतो. तो निर्देशांकात धरला तर महागाई आटोक्यात आहे असे दिसते. शिधा पुरत नाही म्हणून कुटुंबाला उरलेले धान्य काळ्या बाजारात कितीतरी अधिक भावाने घ्यावे लागले, तर तो खर्च निर्देशांकात येत नाही. शिवाय एखादी वस्तू बाजारातून नाहीशीच झाली, तर तिचा भाव कोणता धरायचा हा प्रश्न उरतो. टोपली कागदावर स्थिर राहते आणि माणसाच्या घरातील टोपली बदलते. ज्याचा हिशेब लावायचा तो कामगार आणि ज्याने हिशेब लावायचा ते कार्यालय यांच्यातील अविश्वासाचे हे एक मोठे कारण होते.

गाडगीळ यांचा किंमतींविषयीचा विचार त्यांच्या पाहणीच्या सवयीतून आलेला होता. केवळ हुकूम काढून भाव बांधल्याने काही साधत नाही, असे त्यांचे मत होते. सरकारने धान्याची खरेदी स्वतः करावी, साठा हाती ठेवावा, शिधावाटप सर्वत्र लागू करावे आणि वेगवेगळ्या वस्तूंच्या किंमती एकमेकींशी सुसंगत ठेवाव्यात. या साखळीतील एक कडी सुटली की बाकीच्या निरुपयोगी होतात. कापसाचा भाव ज्वारीच्या मानाने चढा राहिला, तर शेतकरी ज्वारी सोडून कापूस लावतो आणि पुढच्या वर्षी धान्याची टंचाई होते. म्हणून एकेका वस्तूचा सुटा विचार त्यांना मान्य नव्हता.

१९४७ च्या आरंभी केंद्र सरकारने वस्तुमूल्य मंडळ नेमले. ए. डी. गोरवाला त्याचे अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. मंडळाचा कल नियंत्रणे घाईने उठवू नयेत असा होता. राजकीय वारे मात्र उलट दिशेने वाहत होते. नियंत्रणांमुळे लाचलुचपत आणि काळा बाजार वाढतो, असे महात्मा गांधींचे मत होते. व्यापारी वर्गालाही नियंत्रणे नको होती. १९४७ च्या डिसेंबरपासून धान्यावरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठवण्यात आली. त्यानंतरच्या काही महिन्यांत घाऊक निर्देशांक सुमारे ३०० वरून ३९० च्या आसपास गेला आणि १९४८ च्या शरद ऋतूत सरकारला नियंत्रणे पुन्हा आणावी लागली. या प्रसंगाचा अर्थ आजही एकमताने लावला जात नाही. नियंत्रणांच्या विरोधकांच्या मते फाळणी आणि निर्वासितांच्या लोंढ्यामुळे ती वेळच अपवादात्मक होती. गाडगीळ यांची भूमिका मात्र शेवटपर्यंत बदलली नाही. भाववाढ म्हणजे मिळकतीचे पुनर्वाटप असून ते सहसा दुर्बळांकडून सबळांकडे होते, या दृष्टीने ते किंमत-स्थैर्याला नियोजनाची पूर्वअट मानत. पुढे पंचवार्षिक योजनांवर केलेल्या टीकेतही त्यांनी हा मुद्दा वारंवार मांडला. किंमत-धोरण नसलेली योजना त्यांच्या लेखी योजनाच नव्हती.

राष्ट्रीय उत्पन्न, नमुना पाहणी आणि ग्रामीण कर्ज

१९४९ साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबीस अध्यक्ष होते, तर गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. देशाचे एकूण उत्पन्न मोजताना आकड्यांतील पोकळी किती मोठ्या आहेत हे या समितीला जागोजागी जाणवले. ग्रामीण कुटुंबांच्या खर्चाविषयी देशव्यापी माहितीच नव्हती. १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचा एक उद्देश ही पोकळी भरून काढणे हा होता. तिच्या पहिल्या फेरीत १,८३३ गावे निवडण्यात आली. त्यांपैकी काही गावांत गोखले संस्थेने तयार केलेली प्रश्नपत्रके वापरली गेली आणि ती 'पुणे पत्रके' म्हणून ओळखली गेली.

रिझर्व्ह बँकेने १९५१ साली हाती घेतलेल्या अखिल भारतीय ग्रामीण कर्ज पाहणीच्या मार्गदर्शक समितीतही गाडगीळ होते. येथेही अध्यक्षपद गोरवाला यांच्याकडे होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांमध्ये सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली. १९५४ साली निघालेल्या अहवालाने सहकाराच्या प्रशंसकांना धक्का दिला. शेतकऱ्याने घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा फक्त ३.१ टक्के आणि सरकारचा ३.३ टक्के होता, तर सावकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात होता. अर्धशतक चालत आलेल्या चळवळीचे हे फलित होते. समितीने यावरून सहकार सोडून द्यावा असे म्हटले नाही. सरकारने सहकारी संस्थांच्या भांडवलात भागीदार व्हावे आणि ग्रामीण भागात शाखा काढणारी एक मोठी सरकारी बँक असावी, अशी शिफारस तिने केली. इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक अस्तित्वात आली, ती या शिफारशीनुसार.

प्रवरानगर

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने ऊस उत्पादकांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. प्रवरा कालव्याच्या पाहणीमुळे तो परिसर, तेथील ऊस आणि शेतकऱ्यांची परिस्थिती त्यांना परिचित होती. अभ्यासकाने आपल्या अभ्यासाच्या क्षेत्रात उतरून संस्था चालवावी, असे प्रसंग अर्थशास्त्राच्या इतिहासात फार नाहीत. उसाला किती भाव द्यायचा, हा किंमतीचा प्रश्न येथे त्यांच्यासमोर वार्षिक सभेत उभा राहत असे. त्या सभेत समोर सभासद शेतकरी बसलेले असत. पुढे महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली, तेव्हा प्रवरानगरचा नमुना समोर होता. या कारखान्यांभोवती नंतर जी सत्ताकेंद्रे तयार झाली, त्यांचे श्रेय किंवा दोष गाडगीळ यांना देणे कठीण आहे.

नियोजन आयोग

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला आर्थिक व प्रशासकीय युक्तिवादाचे बळ देणाऱ्यांत गाडगीळ होते. १९६६ मध्ये ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी थोडा काळ सांभाळले. १९६७ साली त्यांची नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदी नेमणूक झाली. योजनांवर दीर्घकाळ बाहेरून टीका करणाऱ्यावर आता योजना आखण्याची जबाबदारी आली होती. दोन दुष्काळ, १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन आणि चढत्या किंमती यांमुळे पंचवार्षिक योजना स्थगित होऊन वार्षिक योजना चालू होत्या. चौथी योजना १९६९ साली त्यांच्या कारकीर्दीत मार्गी लागली.

केंद्रीय साहाय्याचे वाटप तोवर बरेचसे प्रकल्पवार आणि वाटाघाटीने होत असे. नव्या सूत्रानुसार ६० टक्के रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात, १० टक्के दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के करवसुलीच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के विशेष समस्यांसाठी ठरवण्यात आली. मागास राज्यांना यातून पुरेसे झुकते माप मिळाले नाही, असा आक्षेप घेतला गेला आणि पुढे सूत्रात बदलही झाले. १९६९ मध्येच त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हे क्षेत्र मानून काम करावे असे सुचवले. त्यातून अग्रणी बँक योजना आली.

निधन आणि वारसा

१९७१ च्या निवडणुकीनंतर नियोजन आयोगाची पुनर्रचना झाली आणि गाडगीळ पदावरून दूर झाले. दिल्लीहून पुण्याला परतत असताना ३ मे १९७१ रोजी रेल्वेप्रवासातच त्यांचे निधन झाले. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत.

गोखले संस्थेत त्यांच्यानंतर वि. म. दांडेकर संचालक झाले. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील प्रसिद्ध अभ्यास १९७१ च्याच आरंभी प्रकाशित झाला होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंब-खर्चाच्या आकड्यांवर तो आधारलेला होता. संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळ यांचे नाव देण्यात आले असून सातारा, वाई आणि पुण्याच्या पाहण्यांचे अहवाल तेथे अभ्यासकांसाठी उपलब्ध आहेत.